पहिल्यांदा घरी बिअर करताना काय घ्यावं?

अमेरिकेत आहात, तर घरी बिअर करायला कायद्याची आडकाठी नाही. विकता मात्र येत नाही. स्टीलची महागडी टाकी आत्ता अजिबात घेऊ नका. एवढं पुरे:

– एअरलॉकची (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झडप) प्लास्टिक बादली
– मोठं पातेलं, थर्मामीटर
– हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारं साधन; साखर किती उरली ते कळतं)
– सॅनिटायझर (यात काटकसर नको!)

उकळून थंड केलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) पाण्याला जे जे लागेल, अगदी चमचासुद्धा, ते निर्जंतुक हवं. पेल एल या फिक्या रंगाच्या बिअरचं यीस्ट 18 ते 20 अंश सेल्सिअसवर छान काम करतं, कढत पाण्यात मरतं. बुडबुडे थांबले म्हणून लगेच बाटल्या भरू नका. हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस जागचा हलला नाही, मगच भरा. नाहीतर आत वायू साठून बाटल्या फुटतात. सुरुवात माल्ट एक्स्ट्रॅक्टनेच (माल्टच्या तयार अर्काने) करा, धान्याचं पुढे बघू.