तिसरीच्या मुलांना माणसाच्या वाढीचे टप्पे कसे शिकवावेत?

शैशव, बाल्य, किशोरवय ही नावं आधी पाठ करून घेऊ नका. सुतळीपासून सुरुवात करा. नवजात बाळ साधारण 50 सेंटिमीटर लांब असतं, तेवढा एक तुकडा कापा. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण 100 सेंटिमीटर, तो दुसरा. तिसरा ज्याच्या-त्याच्या उंचीचा. तिन्ही भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले की पहिल्या चार वर्षांत उंची दुप्पट झाली आणि पुढे वेग मंदावला, हे मुलं स्वतःच सांगतात. मोजताना चपला काढून टाचा भिंतीला टेकवायच्या, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचं; पुस्तक कललं तर माप चुकतं. वर्गाची उंचीनुसार रांग मात्र लावू नका. बुटक्या मुलांना चिडवलं जातं, आणि ‘उंच तो वयानं मोठा’ हा गैरसमज पक्का होतो.

दुधाचे दात 20, सहाव्या वर्षाच्या आसपास पडू लागतात. एक आरसा वर्गात फिरवा, बाकी काम तोच करतो.

‘लहानपणीचा फोटो आणा’ हे टाळाच. बीडकडं कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मूल आजीजवळ असतं, फोटो नसतो आणि ते वर्गात गप्प बसतं. त्यापेक्षा घरच्या मोठ्या माणसांना तीन प्रश्न विचारून यायला सांगा: मी कधी बसलो, कधी चाललो, पहिला दात कधी आला? लसीकरणाचं कार्ड सापडलं तर जन्माचं वजनही मिळतं.