ड्रिलिंग मडचा प्रेशर लॉस काढायला बिंगहॅम, पॉवर लॉ की हर्शेल-बल्कली? माझं स्टँडपाइप प्रेशर ३ टक्क्यांत जुळतंय, मग मॉडेल बरोबर समजायचं का?

नाही, समजायचं नाही. (मड म्हणजे ड्रिलिंग करताना पाइपमधून खाली सोडतात आणि बाहेरून वर आणतात ते द्रव; तिन्ही मॉडेलं ते वाहताना किती अडतं ते सांगतात.) 'जुळतंय' हा शब्द वाचला आणि जुनं दुखणं वर आलं, म्हणून लिहितोय.

स्टँडपाइपवर, म्हणजे पंपाकडून मड येतं त्या रिगवरच्या उभ्या पाइपच्या गेजवर, दिसतं ते मुख्यतः ड्रिल पाइपच्या आतल्या आणि बिटच्या नोझल्सच्या लॉसमुळे. मड ॲन्युलसमधून (पाइप आणि होलची भिंत यांच्यातल्या फटीतून) वर येताना जो लॉस होतो, त्याचा वाटा किरकोळ. ३००० पीएसआयमध्ये समजा २००. त्याचे तुम्ही चुकून ३०० केलेत तरी गेजवर ३ टक्केच फरक, तो पंप एफिशिअन्सीच्या नावावर सहज खपतो. पण ८००० फुटांवर तेच १०० पीएसआय म्हणजे ईसीडीत (वाहत्या मडची खाली जाणवणारी परिणामी घनता) जवळजवळ पाव पीपीजी (पाउंड प्रति गॅलन). कमजोर थर तेवढ्यात फुटतो.

अरबी समुद्रात एका जॅकअपवर (समुद्रतळावर पाय टेकून उभ्या रिगवर) साडेआठ इंची होल चाललं होतं. खाली उपसून प्रेशर उतरलेली चुनखडी, वर शेल, त्यामुळे मडचं वजन उतरवता येत नव्हतं. मी मड इंजिनिअर, पण हायड्रॉलिक्स ऑफिसातून ठरून यायचं. तिथले एक साहेब व्हिस्कोमीटरची (मडचा घट्टपणा मोजायचं यंत्र) ६०० आणि ३०० आरपीएमची एवढीच रीडिंग घेऊन पॉवर लॉ लावायचे. माझ्या रिपोर्टात ६०० ला ६२, ३०० ला ४०, ६ ला ९, ३ ला ८ होते. पहिल्या दोनांवरून पॉवर लॉ काढून बघा: एन (त्यातला घातांक) येतो ०.६३, आणि ३ आरपीएमला तो २ सांगतो. प्रत्यक्षात ८! बिंगहॅम दुसऱ्या टोकाला, १८.

फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "अहो, तुमचा एसपीपी (स्टँडपाइप प्रेशर) माझ्या आकड्याच्या ४० पीएसआयच्या आत आहे. अजून काय पाहिजे?" जुळणारच ना! पाइपच्या आत शिअर रेट (मडचे थर एकमेकांवरून सरकण्याचा दर) जास्त, तिथे ६००-३०० ची जोडी चालून जाते. ॲन्युलसमध्ये मड मंदावतं, तिथे यील्ड स्ट्रेसचं (मड हलायला लागणारा किमान ताण) राज्य, आणि पॉवर लॉमध्ये तो नसतोच. पीडब्ल्यूडी टूल (ड्रिलिंग चालू असताना तळाशी ॲन्युलसचं प्रेशर मोजणारं) मागितलं, तर बजेटात नाही.

ट्रिपनंतर (पाइप बाहेर काढून परत खाली सोडल्यावर) त्यांच्या शीटप्रमाणे पंप थेट पूर्ण रेटवर नेला. शेकरवरचे (वर आलेलं मड गाळायच्या चाळणीवरचे) रिटर्न्स बारीक झाले, मग बंदच. मड थरात पळत होतं, टाकीची पातळी डोळ्यांदेखत उतरत होती. रात्रभर कॅल्शियम कार्बोनेटच्या पिल्स (भेगा बुजवायचे डोस) मारत बसलो, पोरं पोती फोडून दमली, ड्रिलर कोणाशी धड बोलेना. आणि सकाळच्या रिपोर्टात कारण काय, तर 'भूगर्भीय'. चुनखडीने काय पाप केलं होतं?

असो. तुम्ही हर्शेल-बल्कली घ्या, एपीआय १३डी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची हायड्रॉलिक्सची शिफारस)सुद्धा तेच वापरतं. यील्ड स्ट्रेसचा सोपा अंदाज म्हणजे ३ च्या रीडिंगची दुप्पट वजा ६ चं रीडिंग. वरच्या मडला ७ येतो. सहाही रीडिंगवर (६००, ३००, २००, १००, ६, ३) कर्व्ह बसवा, दोनच घ्यायची असतील तर बाकीची घेता कशाला? पाइप, बिट आणि ॲन्युलस यांचे लॉस वेगवेगळे छापा. आणि गेजशी जुळवायला सगळ्यांना एकच करेक्शन फॅक्टर लावायचा, हा प्रकार तर करूच नका. पंपाचा व्हॉल्व्ह गळत असेल तर त्याची शिक्षा ॲन्युलसला का?

आता, हर्शेल-बल्कलीने सगळं सुटतं असं नाही. पाइप होलच्या एका बाजूला टेकला की ॲन्युलसचा लॉस घटतो, बारीक होलमध्ये तो फिरवला की सहसा वाढतो, कटिंग्ज (खडकाचे तुकडे) साचले की आणखी वाढतो. थांबलेल्या मडला जेल धरतं, ते फोडायला लागणारं प्रेशर या तिन्ही मॉडेलांत नाही. आमचं मड थरात गेलं त्यात जेलचाही हात असणार, हे मान्य. पण पंप टप्प्याटप्प्याने चढवा, हेही मी त्याच फोनवर सांगितलं होतं.

टर्ब्युलन्सबद्दल दुसऱ्या कोणीतरी लिहा, मला तेवढा पेशन्स नाही. पीडब्ल्यूडीचा डेटा मिळाला तर मॉडेल आधी त्याच्याशी ताडून बघा, एसपीपी नंतर. तुमचे प्रोजेक्ट गाइड असतील आणि म्हणाले एसपीपी जुळला की पुरे, तर त्यांच्याकडे ॲन्युलसचा आकडा सुटा मागा.