दोघांच्या परवानगीशिवाय न उघडणारं दार: कोणतं कुलूप घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेच्या एका खोलीत महत्त्वाची कागदपत्रं आणि रोकड असते. कोणाही एकट्याला ती खोली उघडता येऊ नये, दोन पातळ्यांवर परवानगी मिळाली तरच दार उघडावं. असं कुलूप मिळतं का, आणि ते किल्लीचं घ्यावं की इलेक्ट्रॉनिक?

मिळतं, आणि साध्या किल्लीवरही हे काम उत्तम होतं. पण विकणाऱ्याला नुसतं "दोन पातळ्यांचं कुलूप द्या" म्हणालात, तर तो बहुधा कार्ड आणि पिन किंवा बोटाचा ठसा आणि पिन मागणारं कुलूप पुढे ठेवील. वस्तू चांगली आहे. कोणाचं हरवलेलं कार्ड सापडलं म्हणून भलताच माणूस आत शिरू शकत नाही. मात्र कार्ड ज्याच्या खिशात, पिनही त्याच्याच डोक्यात. तो एकटा हवं तेव्हा दार उघडेल. तुम्हाला एकाच माणसाचे दोन पुरावे नकोत, दोन माणसं हवी आहेत. मी दारांवर अशा यंत्रणा बसवण्याचं काम करतो, आणि लोकांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जाताना पाहतो. दोन माणसांची अट कोणावरच्या अविश्वासातून येते असंही मानू नका. उद्या काही गहाळ झालं, तर एकट्या किल्लीधारकावर नाहक आळ येतो. दुसरी किल्ली त्यालाही वाचवते.

ही युक्ती फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायला सांगितलं. ती वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची होती, एक किल्ली धर्मगुरूकडे आणि दुसरी चर्चचा कारभार पाहणाऱ्या वॉर्डनांकडे. १६०३ च्या नियमांनी कुलपं तीन केली. वही सुरक्षित राहावी आणि कोणा एकट्याला ती काढता येऊ नये, हा हेतू. तुमच्या खोलीची गरज याहून फारशी वेगळी नाही.

बँकेच्या लॉकरचं कुलूप याच घराण्यातलं. त्यात पत्र्यांचे दोन संच असतात. बँकेची किल्ली एक संच उचलते, पण बोल्ट, म्हणजे दार अडवणारा दांडा, सरकवू शकत नाही. तुमची किल्ली बोल्ट सरकवते, पण पहिला संच उचलला गेल्यावरच. म्हणजे दोन किल्ल्यांचे अधिकार इथे सारखे नाहीत. एक फक्त वाट मोकळी करते, दुसरी प्रत्यक्ष उघडते. बहुतेक लॉकरमध्ये दार उघडं असताना ग्राहकाची किल्ली बाहेर निघत नाही, त्यामुळे लॉकर उघडा टाकून किल्ली खिशात घालून निघून जाता येत नाही. तिजोऱ्यांवरच्या इलेक्ट्रॉनिक कुलपांमध्येही ही वरिष्ठ-कनिष्ठ रचना मिळते. वरिष्ठाचा कोड स्वतः दार उघडत नाही, तो कनिष्ठाच्या कोडला चालू किंवा बंद करतो. तुमच्या "दोन पातळ्या" म्हणजे रोज उघडणारा कर्मचारी आणि त्याला मुभा देणारा अधिकारी अशा असतील, तर हाच प्रकार मागा. मात्र एक नीट विचारून घ्या: एकदा मुभा दिल्यावर ती एका उघडण्यापुरती टिकते, की अधिकारी परत बंद करेपर्यंत? दुसरं असेल, तर अधिकारी सकाळी चालू करून विसरतो आणि दिवसभर दार एकट्याच्या हातात राहतं. अशा वेळी दोन्ही कोड लागोपाठ मागणारी रचना बरी.

आता दाराकडे येऊ. सगळ्यात स्वस्त आणि मजबूत उपाय म्हणजे एकाच दारावर दोन स्वतंत्र डेडबोल्ट (किल्लीने चौकटीत सरकणाऱ्या जाड दांड्याची कुलपं), वेगवेगळ्या किल्ल्यांचे, किल्ल्या दोन माणसांकडे. किंवा जाड पोलादी कोयंडा आणि त्यात शेजारी शेजारी दोन कुलपं. इथे एक गफलत वारंवार दिसते. कुलपं एकमेकांत साखळीसारखी गुंफली, तर त्यातलं कोणतंही एक उघडलं की दार उघडतं. शेताच्या किंवा आवाराच्या फाटकावर अनेकांना स्वतंत्रपणे ये-जा करू द्यायची असते, तिथे ते ठीक आहे. तुम्हाला प्रत्येक कुलूप थेट कोयंड्यातच हवं. कारखान्यात यंत्र दुरुस्तीला बंद ठेवताना अनेक भोकांची पोलादी पकड वापरतात. प्रत्येक कामगार तिच्यात आपापलं कुलूप लावतो, आणि शेवटचं निघेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. हेच तत्त्व, आणि ती पकड सहज मिळते.

दोनच माणसं ठेवलीत तर एक आजारी पडला की खोली बंद. मग लोक काय करतात? जादा किल्ली टेबलाच्या खणात ठेवतात, आणि सगळी व्यवस्था तिथेच संपते. यावर एक सुंदर तोडगा आहे. माणसं तीन निवडा आणि कुलपं तीन लावा. पहिल्या माणसाकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या कुलपाची किल्ली, दुसऱ्याकडे पहिल्या आणि तिसऱ्याची, तिसऱ्याकडे पहिल्या आणि दुसऱ्याची. कोणीही एकटा आला तर एक कुलूप त्याला अडवतंच. कोणतेही दोघे आले की तिन्ही उघडतात. चार माणसांतले कोणतेही दोन हवे असतील तर चार कुलपं आणि प्रत्येकाकडे तीन किल्ल्या. पाचांतले कोणतेही तीन म्हणालात तर मात्र कुलपं दहा आणि किल्ल्या प्रत्येकी सहा, म्हणजे तिथून पुढे लोखंडाचा नाद सोडावा.

हा हिशेब किती झपाट्याने फुगतो याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सी. एल. लिऊ यांनी १९६८ च्या पुस्तकात घातलेलं कोडं: अकरा शास्त्रज्ञ, एक कपाट, आणि किमान सहा जण हजर असतील तरच ते उघडावं. उत्तर येतं ४६२ कुलपं आणि प्रत्येकाकडे २५२ किल्ल्या. कारण साधं आहे. पाच जणांच्या प्रत्येक गटाला अडवणारं एक तरी वेगळं कुलूप हवं, आणि अकरांतून पाच जण ४६२ प्रकारे निवडता येतात. संगणकशास्त्रज्ञ आदी शामीर यांनी १९७९ मध्ये याच कोड्यापासून सुरुवात करून गुपिताचे गणिती तुकडे कसे वाटावेत ते दाखवलं. ठरावीक संख्येइतके तुकडे एकत्र आले तरच गुपित मिळतं, त्याहून कमी तुकड्यांतून काहीच कळत नाही. मला हा विषय आवडतो तो यासाठीच. कोयंड्यातल्या तीन कुलपांमागचा आणि त्या गणितामागचा प्रश्न एकच आहे.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत "तिघांपैकी कोणतेही दोन" हे काम सेटिंगमध्ये होतं. एकाने कार्ड किंवा बोट लावायचं, ठरलेल्या काही सेकंदांत दुसऱ्याने लावायचं, मग बोल्ट सुटतो. कोण, केव्हा आलं याची नोंदही राहते, आणि हा तिचा खरा फायदा. कार्डाऐवजी बोटाचा ठसा घ्या असं माझं मत आहे. "मी येत नाही, माझं कार्ड घेऊन जा" हे वाक्य आठवड्याभरात ऐकू येतं, आणि मग दोन कार्डं एकाच्या हातात असतात. शिवाय साधी १२५ किलोहर्ट्झची कार्डं स्वस्त यंत्राने सहज नक्कल होतात.

एकट्याने दोन्ही कामं करू नयेत यासाठी अंतराचाही उपयोग होतो. अमेरिकेच्या मिनिटमन क्षेपणास्त्रांच्या भूमिगत केंद्रांत दोन अधिकारी असतात. किल्ल्या फिरवण्याच्या जागा एवढ्या लांब ठेवल्या होत्या की एकट्याचे हात दोन्हीकडे पोचू नयेत, आणि त्या एकाच वेळी फिरवाव्या लागत. त्या किल्ल्या ज्या लाल पेटीत असत तिलाही दोन कुलपं, प्रत्येक अधिकाऱ्याचं आपलं. साध्या दारालाही हे जमतं. स्प्रिंगने परत येणारे दोन किल्लीचे स्विच दारापासून दोन बाजूंना बसवायचे आणि एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडायचे. दोन्ही एकाच वेळी धरले तरच वीजप्रवाह पूर्ण होतो. समांतर जोडले तर कोणताही एक पुरेल, म्हणून जोडणाऱ्याला हे स्पष्ट सांगा.

इलेक्ट्रॉनिक घेणार असाल तर तीन चोरवाटा आधी बंद करा. पहिली, आणीबाणीची किल्ली. बऱ्याच कुलपांत बॅटरी संपली तर वापरायला एक धातूची किल्ली दिलेली असते. ती एकटी सगळ्या कोडांवर मात करते. ती मोहोरबंद पाकिटात घालून ते पाकीट दोन कुलपांच्या पेटीत ठेवा, नाहीतर तशी सोय नसलेलं आणि बाहेरून तात्पुरती बॅटरी लावता येणारं मॉडेल घ्या. दुसरी, यंत्रणेचा पासवर्ड. ज्याला नवीन माणूस नोंदवता येतो तो स्वतःच्या दोन बोटांना दोन नावं देऊ शकतो. म्हणून हा पासवर्ड असलेला माणूस किल्लीधारकांपैकी नसावा, आणि नोंदणीत झालेला प्रत्येक बदल दुसऱ्या कोणी तरी पाहावा. तिसरी, वायरिंग. बोल्ट सोडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बाहेर कार्ड किंवा ठसा वाचणाऱ्या रीडरच्या डबीतच असेल, तर डबी उघडून दोन तारा जोडल्या की दार उघडलं. रिले आणि कंट्रोलर आतल्या बाजूला हवेत.

आणि आता ज्याबद्दल मी कधीच तडजोड करत नाही ते. आत जायला दोन परवानग्या लागू द्या, पण बाहेर पडायला एकही लागता कामा नये. आतून हँडल फिरवलं की दार उघडलं पाहिजे, वीज असो वा नसो, किल्ली जवळ असो वा नसो. दोन्ही बाजूंना किल्ली लागणारे डेडबोल्ट माणसं वावरतात अशा खोलीला लावू नका, आगीत ती किल्ली शोधायला वेळ मिळत नाही. आणि अडकवायची कुलपं असतील तर उघडल्यावर ती कोयंड्यात लटकत सोडू नका, आत घेऊन जा. बाहेरून कोणी तुम्हाला कोंडू शकतं, किंवा तसंच दिसणारं स्वतःचं कुलूप तिथे ठेवून तुमचं उचलून नेऊ शकतं.

दुसऱ्या पातळीला नकार देण्याचा अधिकार द्यायचा का, हेही आधी ठरवा. २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर विमानांच्या कॉकपिटची दारं मजबूत झाली. बाहेरून आणीबाणीचा कोड टाकता येतो, पण आतला वैमानिक तो नाकारू शकतो, कारण अपहरणकर्त्याने धमकावून कोड मिळवला तरी दार उघडू नये. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्सच्या विमानात सहवैमानिकाने याच सोयीने कॅप्टनला बाहेर ठेवलं आणि विमान आल्प्समध्ये पाडलं. १५० जण गेले. कुलूप ठरल्याप्रमाणेच चाललं होतं. त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी काही काळ कॉकपिटमध्ये कायम दोन जण असावेत असा नियम केला. तुमच्या खोलीत असा प्रसंग येणार नाही, पण आतून लावायची कडी तिला असेल तर ती काढून टाका. आत एकटा माणूस आणि बाहेरच्यांना मार्ग नाही, ही स्थिती नको.

कुलूपच बिघडलं तर? इंटरनेटच्या नावांच्या व्यवस्थेची मूळ सांकेतिक किल्ली आयकॅन ही संस्था सांभाळते. तिथे बंद खोल्या, वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यातल्या तिजोऱ्या आणि आत दोन किल्ल्यांचे लॉकर अशी रचना आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये एका तिजोरीचं कुलूप नादुरुस्त झालं आणि ती सांकेतिक किल्ली वापरण्याचा ठरलेला विधी पुढे ढकलावा लागला. त्यानंतर लगेच कोविड आला, किल्लीधारकांना प्रवास करता येईना, तेव्हा त्यांनी आपल्या किल्ल्या मोहोरबंद पाकिटांतून पाठवल्या. अशी वेळ आली तर काय करायचं, हे तुम्हीही आधीच लिहून ठेवा: कोणाला बोलवायचं, कोणासमोर फोडायचं, नंतर कोणाला कळवायचं.

तुमच्या वर्णनावरून मी काय करीन ते सांगतो. खोली दिवसातून एक-दोनदाच उघडत असेल, तर तीन माणसं आणि तीन कुलपं, वीज नाही, सॉफ्टवेअर नाही. वारंवार उघडत असेल, तर बोटाच्या ठशाची दोन माणसांची यंत्रणा, वीज गेल्यावर बाहेरून बंदच राहणारी आणि आतून नेहमी उघडणारी. दोन्हीत आधी दार पाहून घ्या. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील आणि त्यांच्या पिना ठोकून निघत असतील, तर पुढे दहा कुलपं असली तरी उपयोग नाही. खिडकी आणि छताची पोकळीही बघा.

बसवून झाल्यावर किल्लीधारकांपैकी प्रत्येकाला एकेकट्याने दार उघडून बघायला सांगा, मग प्रत्येक जोडीला. मग मेन स्विच बंद करून आतून बाहेर येऊन बघा. आणि तिघांपैकी कोणी संस्था सोडली, तर त्याच्याकडे ज्या दोन कुलपांच्या किल्ल्या होत्या ती दोन्ही कुलपं त्याच दिवशी बदला. किल्ल्या परत केल्या असल्या तरी बदला, कारण नक्कल कधी काढली ते किल्लीकडे पाहून कळत नाही.