विचारा की! : ओळख नसलेल्या माणसाचं काय?

प्रश्न : मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोलापुरात अशोक चौकात राहतो. आई विड्या वळते. सर म्हणाले की घटनेच्या उद्देशिकेतच सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय लिहिलाय, म्हणजे आपला समाज न्यायी आहे. घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. नक्की कुणाचं खरं?

उत्तर : आईचं. सर चुकले असं नाही, पण उद्देशिकेत जे लिहिलंय ते आपण ठरवलंय, झालंय असं कुणी म्हटलेलं नाही. खुद्द बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावून ठेवलंय की राजकारणात समता येईल पण सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात विषमताच राहील, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर ज्यांना तिचे चटके बसतात तेच ही लोकशाही उडवून लावतील. घटना लिहिणारा माणूस असं म्हणतोय, मग आपण कशाला आत्ताच पेढे वाटायचे.

आता न्यायी समाज ओळखायचा कसा. जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९७१ मध्ये एक युक्ती मांडली, की समाजाचे नियम ठरवायला बसा पण त्या समाजात आपण कोण म्हणून जन्माला येणार, गरीब की श्रीमंत, बाई की पुरुष, कुठल्या जातीत, हे आपल्याला माहीत नाही असं धरा. आपल्याकडं भावाभावात वाटण्या होतात तेव्हा वाटे घालणारा शेवटी उचलतो ना, तसंच हे, मग वाटे आपोआप सारखे पडतात.

हीच युक्ती आपल्या नळाला लावून बघ. सोलापुरात गेली कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड पाणी, आणि वरवर बघितलं तर सगळ्यांना सारखंच की! पण बंगल्यात संप, म्हणजे जमिनीखालचा हौद आहे, वर टाकी आहे, मोटर आहे, बोअर आहे, त्यांना मधले चार दिवस जाणवतही नाहीत, आणि पूर्व भागात एका खोलीत सहा माणसं, दोन बॅरल, चार घागरी, त्यात पाणी रात्री दोनला आलं तर उठणार कोण तर बाईच, आणि सकाळी पुन्हा हजार विड्या पुऱ्या करून कारखान्यात नेऊन द्यायच्या. उजनी धरणात ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, शहराला प्यायला लागतं ते त्या मानानं थोडंच, बाकी ऊस कुठं कुठं उभा आहे ते जिल्ह्यात सगळ्यांना माहितीये. आपण कुठल्या घरात जन्मणार हे माहीत नसतं तर पाण्याचं असं वेळापत्रक कुणी केलं असतं का?

माझी स्वतःची कसोटी मात्र याहून साधी आहे. ज्याची कुठंच ओळख नाही अशा माणसाचं काम सरळ होतं का? दाखला काढायचा, ॲडमिशन घ्यायची, दवाखान्यात बेड पाहिजे, पोलिसात तक्रार द्यायची, आपण पहिलं काय विचारतो, तर "तिथं कोण ओळखीचं आहे का?" आणि हे विचारताना आपल्याला लाज पण वाटत नाही इतकं ते अंगवळणी पडलंय. एक मतदान सोडलं तर ओळखीशिवाय हमखास होणारी कामं शोधावी लागतात. यावर आपण कमी पडतो, बऱ्यापैकी कमी पडतो.

पण तुझ्या आईच्याच धंद्यातली दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. घरी बसून विडी वळणारी बाई ही कामगारच आहे हे विडी-सिगार कामगारांच्या १९६६ च्या कायद्यानं मान्य केलं, आपल्याकडं घरी केलेल्या कामाला काम म्हणायची दानत किती कमी आहे ते बघता ही लहान गोष्ट नाही. अर्थात आजही बंडलातल्या विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या की ते पैसे गेले, तिथं कायदा दारातच थांबतो. आणि घरं! सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरं झाली, २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन देऊन गेले. मग रे नगर ही दुसरी वसाहत, त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या. घरांसाठी झगडली ती माकपच्या नरसय्या आडम मास्तरांची लाल बावट्याची युनियन, आणि घरं द्यायला एकदा काँग्रेसचे पंतप्रधान, एकदा भाजपचे, असं गणित सोलापुरातच जमावं. यातलं एकही घर बायकांना कुणाच्या ओळखीनं मिळालेलं नाही, वर्षानुवर्षं मोर्चे काढलेत, स्वतःचे पैसे पण भरलेत. फक्त एक खटकतं, हक्काची गोष्ट मिळवायला एवढं झगडावं का लागावं, आणि जिची युनियनच नाही, धुणीभांडी करणारी बाई समज, तिनं कुठं जायचं?

आई का हसली ते तिलाच विचार एकदा, सरांना नको.

प्रश्न : कायदा सगळ्यांना सारखा आहे. तो पाळला की न्याय झालाच. उगाच न्याय-अन्याय करून पोरांची डोकी का बिघडवता? (एक निवृत्त वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : काका, चार पुतळ्यांवरून रोज जात असाल. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या स्वातंत्र्यलढ्यातल्या चौघांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली ती रीतसर खटला चालवूनच. आणि आपल्याच गावातली सेटलमेंट, तारेच्या कुंपणाआत माणसं ठेवलेली, ती पण कायद्यानंच. १८७१ च्या त्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पाळण्यातलं पोर सुद्धा जन्मताच संशयित. १९५२ ला ३१ ऑगस्टला तो रद्द झाला, पण अजूनही कुठं चोरी झाली की पहिला संशय कुणावर जातो ते तुम्हाला मी सांगायला नको. कायदा पाळावाच, त्याबद्दल वाद नाही. पण कायदाच वाकडा असला तर तो निमूट पाळणाऱ्यांमुळंच जास्त दिवस टिकतो.

प्रश्न : मी चार घरची कामं करते. मुलीचा दाखला अडकलाय, एजंट पैसे मागतो. ओळख कुणाची नाही. काय करू?

उत्तर : ताई, एजंटला एक रुपया देऊ नका. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात प्रत्येक दाखल्याला दिवस ठरवून दिलेत आणि ते ऑफिसात बोर्डावर लावायलाच पाहिजेत. अर्ज दिला की नंबर असलेली पोच घ्या, पोच नाही तर काहीच नाही. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला तर ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, मग दुसरं, मग लोकसेवा हक्क आयोग. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे नुसतं माहीत आहे असं काउंटरवर कळलं तरी कधी कधी फाइल हलते. अपील लिहायला कुणी नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन करायचा तर १५१००. जाताना पोचेची झेरॉक्स न्या, मूळ कागद हातातून सोडू नका.