घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर तो जुना क्लीन कोरसचा टोन कसा काढायचा?

तुमच्याकडे स्ट्रॅट पद्धतीची गिटार, छोटा अ‍ॅम्प आणि कोरस पेडल आहे. पण 80च्या दशकातल्या रेकॉर्डिंगमधला तो लखलखीत आवाज निघत नाही, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. पेडल बदलू नका, डेप्थ (सूर किती डोलावा ते ठरवणारं बटण) खाली आणा.

हा आवाज मला उमगला तो दादरच्या एका प्रॅक्टिस रूममध्ये. तिथे रोलँडचा जेसी-120 होता. 1975 साली आलेला हा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प. आत साठ-साठ वॅटचे दोन अ‍ॅम्प आणि बारा इंची दोन स्पीकर. मित्राला एकच कॉर्ड वाजवत राहायला सांगून मी खाली बसलो. एका स्पीकरला कान लावला, तर साधा, कोरडा आवाज. दुसऱ्याला लावला, तर तोच सूर किंचित वरखाली डोलणारा. उठून चार पावलं मागे गेलो आणि दोन्ही हवेत मिसळून तो टोन समोर उभा राहिला. अंगावर काटा आला. हेच सर्किट रोलँडच्याच बॉस या पेडल ब्रँडने 1976 मध्ये सीई-1 पेडलमध्ये आणलं.

दोन तानपुरे कितीही जुळवले तरी केसभर फरक उरतो आणि त्यानेच आवाज भरतो. कोरसचंही तसंच. मूळ आवाजाची प्रत काही मिलिसेकंद उशिरा येते, तो उशीर सतत कमीजास्त होतो, म्हणून प्रतीचा सूर हलतो. मूळ आवाज शाबूत राहिला नाही, तर नुसतं डोलणंच ऐकू येतं. तुमचं नेमकं हेच होतंय.

पेडलला दोन आउटपुट असतील तर ती ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार कंप्युटरला जोडणाऱ्या डब्याच्या) दोन इनपुटमध्ये द्या, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, आणि हेडफोन लावा. वन बीएचकेत रात्री अकरानंतर तसाही दुसरा मार्ग नाही. एकच आउटपुट असेल तर रेट, म्हणजे डोलण्याचा वेग, इतका संथ ठेवा की एका हेलकाव्याला सेकंद-दीड सेकंद लागेल. मग एक तार छेडून सोडा. डोलणं वेगळं जाणवलं तर डेप्थ अजून जास्त आहे. पेडल बंद केल्यावर खोली अचानक लहान झाल्यासारखी वाटली, की जमलं.

पिकअप ब्रिज आणि मधला मिळून, अ‍ॅम्पचा गेन (जास्त झाला की आवाज फाटतो) कमी, कोरसच्या आधी हलका कॉम्प्रेसर, म्हणजे लहानमोठा आवाज सारखा करणारं पेडल. तारा मात्र ताज्या हव्यात. मुंबईच्या जुलैत त्या बघता बघता गंजतात, वरची चमक जाते आणि मग कोरसला फुलवायला काही उरत नाही. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा.

कॉर्डही महत्त्वाची. सा, प आणि वरचा रे एवढंच धरा, ग गाळा. द पोलीस या रॉक बँडचा गिटारवादक अँडी समर्स याच्या वादनात अशा मोकळ्या कॉर्ड भरपूर सापडतील. त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये आपण ज्याला कोरस समजतो तो बऱ्याचदा इलेक्ट्रिक मिस्ट्रेस हा फ्लँजर (कोरसचाच जवळचा, पण वेगळा इफेक्ट) आहे, त्यामुळे तो आवाज कोरसवर हुबेहूब शोधत बसू नका.

आणि पैसे खर्च करण्याआधी जेसी-120 असलेली एखादी प्रॅक्टिस रूम तासभर घ्या. आधी फोन करून विचारा, बऱ्याच ठिकाणी असतो. तिथे खाली बसून दोन्ही स्पीकरला कान लावा.