हॉस्पिटलमधल्या लाल-पिवळ्या पिशव्या शेवटी एकाच गाडीत जातात, मग कचरा वेगळा कशाला करायचा?

गाडी एकच असते हे तुम्ही बरोबर बघितलंत, पण पुढे कचरा प्रक्रियेच्या प्लांटवर वाटा वेगळ्या होतात. मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे त्यामुळे रोज हेच बघते. पिवळ्या पिशवीतले रक्ताचे बोळे, ड्रेसिंग, ऑपरेशनमध्ये काढलेला भाग हे सगळं भट्टीत जळतं. लालमधलं प्लास्टिक, म्हणजे सलाईनचे सेट, युरीन बॅग, ग्लोव्ह्ज, ते जाळतच नाहीत, ऑटोक्लेव्ह करून (म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेने जंतू मारून) श्रेडरमध्ये तुकडे करतात आणि मग रिसायकलिंगला देतात. आता सलाईनची नळी बऱ्याचदा पीव्हीसीची, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लास्टिकची असते, ती चुकून पिवळ्यात गेली की भट्टीत जळते आणि त्यातून डायॉक्सिनसारखे विषारी वायू होतात, म्हणून तर हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमात पिशव्यासुद्धा क्लोरीन नसलेल्या प्लास्टिकच्या सांगितल्यात.

पण माझा खरा जीव अडकतो तो सुयांमध्ये. इंजेक्शन दिलं की सुईला परत टोपण लावायचं नाही, तिथेच हब कटरमध्ये (सुई कापायच्या छोट्या यंत्रात) टाकून कापायची, सुई पांढऱ्या जाड डब्यात आणि सिरिंज लालमध्ये. दोन सेकंदांचं काम आहे हो! घाईत कोणीतरी सुई तशीच पिशवीत टाकतं, संध्याकाळी मावशी पिशवीची गाठ मारायला हात घालतात आणि पातळ ग्लोव्हमधून सुई आत जाते. मग रक्त तपासा, पेशंट कोण होता ते शोधा, एचआयव्हीची शंका असेल तर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करा (जितक्या लवकर तितकं चांगलं), आणि त्या बाईचे पुढचे काही महिने रिपोर्टच्या भीतीत जातात. हिपॅटायटिस बी तर एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतो, म्हणून कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला त्याची लस द्यायचीच असा नियम आहे, तुमच्या ओळखीत कोणी हे काम करत असेल तर लस झालीय का नक्की विचारा.

म्हणून वेगळं करायचं ते पेशंटच्या बेडपाशीच, नंतर पिशवी उघडून कोणी निवडत बसायचं नाही.

आणि घरी इन्सुलिन घेत असाल तर सुया सुट्या डस्टबिनमध्ये टाकू नका, जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा, वर 'सुया' लिहा आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी, सांगून द्या.