रात्री अडीचला फोन कोण उचलेल?

प्रश्न

मावशी, सा. न.

माझे सासरे ७६ वर्षांचे. जानेवारीत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, आता यकृतातही पसरलाय. परवा डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "आता किमो झेपणार नाही. घरी न्या, आराम द्या." आराम कसा द्यायचा ते मात्र कुणी सांगितलं नाही. पुण्याचे दीर म्हणतात, हॉस्पिटलातच ठेवा, पैशांचं मी बघतो. आमचे हे म्हणतात, घरीच. एका एजन्सीचा माणूस गुळगुळीत पत्रक देऊन गेला, 'चोवीस तास नर्स', महिन्याचं पॅकेज. दुसरीकडे एक धर्मादाय संस्था आहे. त्यांची सिस्टर आठवड्यातून दोनदा येईल, पण मुक्कामाला कुणी राहणार नाही. दुखणं शमवणाऱ्या मॉर्फिनचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, "अफूच ना ती? सवय लागेल." सासऱ्यांना आम्ही आजाराचं नाव सांगितलेलं नाही. आणि एजन्सीवाला म्हणतो, पेशंटची खोली वेगळी करा. सासूबाई तर ५२ वर्षं त्यांच्या शेजारच्या पलंगावर झोपतायत. कुणाला निवडू?

— एक सून, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर

सूनबाई, ते पत्रक आधी बाजूला ठेव. एजन्सी आणि संस्था, दोघांनाही एकच प्रश्न विचार: रात्री अडीचला दुखायला लागलं तर फोन कोण उचलेल, आणि उचलणाऱ्याला काय करता येईल?

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकले म्हणून सांगते. मी ३१ वर्षं वॉर्डात सिस्टर होते. माझ्या थोरल्या भावालाही स्वादुपिंडाचाच कॅन्सर झाला. रामबागेतल्या घरी आम्ही अशीच एक 'चोवीस तास'वाली एजन्सी लावली होती. मुलगा यायचा तो स्वभावाने गोड, चादर छान ताणायचा, पण नर्स नव्हता. केअरटेकर होता. एका शनिवारी मॉर्फिनच्या पाकिटात दोन गोळ्या उरल्या होत्या. मी पाहिल्या आणि मनात म्हटलं, सोमवारी आणू. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोळ्या मोजल्या, दादाच्या नाही मोजल्या. रविवारी रात्री तो उशी पोटाशी धरून, गुडघ्यांवर ओणवा होऊन बसला. ते दुखणं पोटातून पाठीत जातं, आडवं पडवत नाही. मुलाने ऑफिसला फोन लावला. ऑफिस म्हणालं, डॉक्टर सकाळी येतील, नाहीतर ॲम्ब्युलन्स पाठवतो. पाठवली. दादा आयसीयूत गेला, आणि वहिनीला तो पुढचे तीन दिवस दहा-दहा मिनिटं दिसला. चौथ्या दिवशी तेवढाही नाही.

म्हणून सांगते, मुक्कामाला माणूस असणं आणि रात्री इलाज असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धर्मादाय संस्थेची सिस्टर दोनदाच येत असेल, पण तिच्यामागे डॉक्टर असेल, रात्री फोनवर "आत्ता अर्धी गोळी जास्त द्या, तासाभराने मला सांगा" असं म्हणणारं कुणी असेल, आणि ती जादा गोळी घरात आधीपासून असेल, तर मी डोळे मिटून तिला निवडेन. अंघोळ घालायला, कूस बदलायला ओळखीतली आया लाव. सगळं एकाच दुकानातून घ्यायला पाहिजे असं थोडंच आहे?

आता सासूबाईंची अफू. खरंय त्यांचं, मॉर्फिन अफूतूनच निघतं. आणि ती पिकते कुठे? आपल्याच माळव्यात, मंदसौर-नीमचकडे. सरकारी परवान्याने. थंडी सरता सरता तिकडे पांढऱ्या फुलांची शेतं दिसतात. नीमचला तिच्यापासून औषध काढायचा सरकारी कारखाना आहे, आणि या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या सेंट्रल ब्यूरो ऑफ नार्कोटिक्सचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरला. इतकं दाराशी असून आपल्या पेशंटला गोळीसाठी दहा मेडिकल फिरावे लागतात, याचा मला अजून राग येतो. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याचे परवाने इतके किचकट होते की हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवायलाच कचरायची. २०१४ साली दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या संस्थेला ते ठेवता येतं. तेव्हा दोघांनाही स्पष्ट विचार, "तुम्हाला ती मान्यता आहे का? नसेल तर गोळ्या नेमक्या कुठून येणार?" इथे जो "बघू, होऊन जाईल" म्हणेल, त्याला चहा पाजून वाटेला लाव.

सवयीचं म्हणशील, तर दुखण्यासाठी ठरल्या मापात, ठरल्या वेळी घेतलेल्या मॉर्फिनचं सहसा व्यसन लागत नाही, आणि त्याने माणूस लवकरही जात नाही. त्रास होतो तो वेगळाच. पहिले चार दिवस गुंगी आणि मळमळ, आणि बद्धकोष्ठ शेवटपर्यंत. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करावं लागतं. चिठ्ठीवर ते नसेल तर लिहिणाऱ्याचा हात या कामात बसलेला नाही, असं समज. साधी गोळी चार तासच पुरते. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला डॉक्टर सांगतील तशी मोठी मात्रा, म्हणजे झोपमोड होत नाही. कालनिर्णयच्या चौकटीत रोज वेळा लिही. कुणी पॅच, म्हणजे दुखण्याच्या औषधाची कातडीवर चिकटवायची पट्टी, सुचवला तर लक्षात ठेव, तो लावल्यापासून अर्धा दिवस तरी कामाला लागत नाही, आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही.

दिरांचं. ते लांब आहेत, म्हणून हॉस्पिटल म्हणतात. लांबच्या माणसाला बिल भरणं हीच सेवा वाटते, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना आठ दिवस रजा काढून यायला सांग आणि रात्रपाळी दे. आयुष्मान कार्डाचा विषय निघेल. ते दाखल होण्यासाठी आहे, घरी येणाऱ्या सिस्टरच्या फीसाठी नाही. एजन्सीकडून दर लिहून घे, डायपर-कॅथेटर धरून की सोडून, तेही.

आजाराचं नाव लपवण्याबद्दल मी तुम्हाला रागवणार नाही, आम्हीही लपवलं होतं. पण दादाला सगळं माहीत होतं, तो आम्हाला सांभाळत होता. आलेली सिस्टर पहिल्या भेटीत फाईल आधी उघडते की खुर्ची ओढून सासऱ्यांना "काका, आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा?" विचारते, एवढं पाहा. असं विचारणाऱ्याशी ते आपणहून बोलतील. एकदा बोलणं झालं की "मला व्हेंटिलेटरवर घालू नका" हेही त्यांना लिहून ठेवता येईल. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली रीत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. ज्याला काही सांगितलंच नाही तो काय लिहिणार?

एक अवघड गोष्ट आत्ताच विचारून ठेव: घरी प्राण गेले तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोणता डॉक्टर देईल? त्यावाचून निगमच्या झोनमध्ये नोंद करताना हेलपाटे होतात. नोंदीला २१ दिवस असतात. विचारल्याने काही अशुभ होत नाही. आणि शेवटी जेवण सुटलं की कोंबू नका, सलाईनसाठीही हट्ट नको. ओल्या कापसाने ओठ टिपत राहा.

खोली मुळीच वेगळी करू नका. उंची खालीवर होणारी लोखंडी खाट भाड्याने आणा, हवेची गादी घाला, आणि हँडल फिरवून तिची उंची सासूबाईंच्या पलंगाइतकी करून अगदी लागून लावा. दोन्हींची चाकं-पाय घट्ट करा, मध्ये फट राहिली तर गोधडीची घडी दाबून बसवा. त्या बाजूचा कठडा खाली, दुसऱ्या बाजूला आयाला उभं राहायला दोन हात जागा. दर दोन तासांनी कूस बदलायचीच आहे. रात्री निजायच्या वेळेची कूस सासूबाईंकडे तोंड येईल अशी ठेवा.